निशाणी नांगर

मार्गशीर्ष अमावास्या आठ दिवसांवर आली की बालाघाटावरच्या घरांत भज्जीची बोलणी सुरू होतात. वाल, तूर, वाटाणा, ओला हरभरा कुणाच्या रानातून आणायचा, आंबिलासाठी ताक कुणाकडे मिळेल, बाजरीचे उंडे किती करायचे, रानातल्या कोपीला, म्हणजे खोपटाला, कडबा कुठून आणायचा. या अमावास्येची येळवस हा आपल्या भागाचा सण. लातूर, धाराशिव, अंबाजोगाई-परळीचा पट्टा आणि पलीकडे बिदर-कलबुर्गी, मुख्यतः याच मुलखात तो जीव ओतून होतो. त्या दिवशी घाटनांदूर, बर्दापूर, रेणापूर अशी गावे दुपारपर्यंत ओस पडतात आणि शिवार माणसांनी भरते. शाळू पोटऱ्यात असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तूर काढणीला येत असते. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडायचे, नैवेद्य दाखवायचा, आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची, पंगती बसवायच्या आणि दिवस मावळताना पेटता हेंडगा पिकाभोवती फिरवून घराकडे वळायचे. पुण्यात नोकरी करणारा मुलगा एखाद्या दिवाळीला येणार नाही, पण येळवशीला येतो.

हा सण ज्यांच्याकडून आपल्या हाती आला, त्या माणसांची विचारपूस यंदा करावी, असे आम्हाला वाटते. हिशेब फार लांबचा नाही. आज साठीत असलेल्या माणसाच्या आजोबांचे आजोबा १८८० च्या आसपास याच काळ्या रानात औत हाकत होते. मधे तीनच पिढ्या गेल्या. तरीही घाटनांदूरच्या पारावर बसलेल्या कुणालाही वंशावळ विचारून पाहा. स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे नाव झटकन येते. पणजोबाच्या नावापाशी माणूस थबकतो. त्याच्या पुढचे नाव सांगणारा एखादाच. आणि पणजीचे नाव विचारले तर बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

त्या काळातल्या शेतकऱ्याची खूण कागदावर सापडते, ती बहुधा एखाद्या रोख्याखाली. मोडीत लिहिलेला मजकूर, वर फसली साल, रक्कम, व्याज, गहाण टाकलेल्या रानाच्या चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. शेवटी लिहिणाऱ्यानेच लिहिलेले त्याचे नाव आणि नावाशेजारी चार-पाच रेघांत काढलेला छोटासा नांगर. बाजूला शब्द असतात, ‘निशाणी नांगर’. खाली ‘बिकलम’ म्हणून कागद लिहिणाऱ्याचे नाव. अक्षर न येणाऱ्या कुणब्याची सही ती हीच. बाईने कागद करून दिला असेल तर तिथे बांगडी काढलेली असे. अंगठ्याचा ठसा हा फार पुढचा प्रकार, तो शतक सरता सरता सरकारी कागदांवर येऊ लागला. त्याआधीच्या माणसाला स्वतःची ओळख म्हणून स्वतःच्या कामाचे हत्यार पुढे करता येत होते. पण कागद काय म्हणतो तेही पाहिले पाहिजे. नांगराची ती रेघ ज्याच्या नावापुढे पडली, तो त्या दिवशी काहीतरी गहाण टाकत होता, नाहीतर काहीतरी देणे कबूल करत होता. या माणसाने किती रान वहितीखाली आणले, किती विहिरी खणल्या, किती लेकरे वाढवली, याचा कागद कुणी केला नाही.

पुण्या-नगरकडच्या शेतकऱ्याविषयी निदान काही लिहिले गेले. टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने १८२० च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची बारकाईने पाहणी केली. घरे, भांडी, कपडे, कर्ज, खाणे सगळे टिपून ठेवले. पुढे सव्वाशे वर्षांनंतर गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि शेतकऱ्याचे घर, त्यातले दारिद्र्य, कचेरीतली त्याची फरफट मराठीत पहिल्यांदा अशा तळमळीने मांडली. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या अनुभवातून आलेला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गाव अभ्यासले आणि १९१७ मध्ये दाखवून दिले की तिथली सरासरी शेती १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. बालाघाटावरच्या गावांना असे अभ्यासक क्वचित लाभले. म्हणून इथला शेतकरी ओळखायचा तर राज्यकारभाराच्या नोंदी, घरांचे अवशेष आणि म्हाताऱ्या माणसांची तोंडे, तिन्हीकडे कान द्यावा लागतो.

राज्य निजामाचे. अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद, आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी. घोडदळ म्हटले की वैरण आणि चंदी आली. या भागाच्या कडब्याला आणि हरभऱ्याला छावणीचे गिऱ्हाईक होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदाराने हैदराबादेत रक्कम कबूल करायची आणि मुलखातून ती दामदुपटीने काढायची. १८५३ मध्ये सालारजंग दिवाण झाले आणि त्यांनी ही घडी बदलायला घेतली. मक्ते मोडले, पगारी तालुकदार नेमले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलूख जिल्ह्यांत वाटला, पुढे इंग्रजी मुलखाच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि धारा आला. रानाला क्रमांक मिळाला, एकर-गुंठे आले. पण वरच्या कचेरीची भाषा फारसी, आणि १८८४ च्या सुमारास फारसी गेली ती उर्दूला जागा देऊन. गावचे दफ्तर कुळकर्ण्याच्या मोडीत, तालुक्याचा हुकूम उर्दूत, वसूल हाली शिक्क्यात, साल फसली. आपल्याच रानाचा कागद वाचायला या माणसाला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत होते, आणि वाचणारा जे सांगेल ते खरे मानावे लागत होते.

आता त्याच्या घराकडे येऊ.

माळवदाचे घर. दगड-मातीच्या जाड भिंती, सागाच्या नाहीतर बाभळीच्या तुळया, त्यावर लाकडे, पाला आणि वर पांढरीच्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, पावसाळ्यापूर्वी वर पुन्हा माती टाकून माळवद चोपायचे. नाही चोपले तर घर गळणार. दारातून शिरल्यावर ढाळज, तिथे पाहुणा बसणार, रात्री गडी झोपणार. त्याच छताखाली एका अंगाला बैल. माणसांच्या निजण्याच्या जागेपेक्षा दावणीची जागा ऐसपैस असे, आणि त्याचे कुणाला काही वाटत नसे, कारण घराची पत औतांवर मोजली जाई. ‘दोन औतांचे घर’ म्हटले की सोयरिकीच्या बोलण्यात पुढचे फार विचारावे लागत नव्हते. देवणी आणि लाल कंधारी या इथल्या जातिवंत बैलांच्या जाती. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून बैल आणायचा म्हणजे घरातली दोन शहाणी माणसे चार दिवस जायची.

धान्य पेवात. गढीच्या आसपास, पांढरीत खोल खड्डा, तोंड निमुळते, आत कडब्याचे अस्तर, तोंडावर दगड आणि वरून माती. ज्वारी त्यात वर्षानुवर्षे टिके. पेव उघडण्याचे काम मात्र जिवावरचे. तोंड उघडून ते बराच वेळ वाऱ्याला ठेवायचे, मग दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. ही खबरदारी न घेतल्याने पेवात गुदमरून माणसे गेली आहेत. आज मराठवाड्यातल्या पोरांना ‘पेव फुटणे’ एवढाच वाक्प्रचार ठाऊक आहे. त्यांच्या खापरपणजोबाने दुष्काळाच्या भीतीने जमिनीच्या पोटात तीन-चार वर्षांची भाकर पुरून ठेवली होती, आणि तिच्यासाठी तो स्वतः त्या अंधारात उतरत होता, हे कुणी त्यांना सांगितलेले नाही.

घरातला दिवस बाईपासून सुरू होई. पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर. दहा-पंधरा माणसांच्या घराला रोज ज्वारी दळावी लागे. सासू-सुना, जावा-जावा समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालत. मग शेण, पाणी, चूल, भाकरी, कोरड्यास, न्याहारीची पाटी डोक्यावर घेऊन रानात. पेरणीत तिफणीमागे चाड्यावर मूठ धरणारी बहुतेक बाईच. मुठीतून बी सारखे पडले तर पीक सारखे, आणि हा हात तयार व्हायला वर्षे लागतात. खुरपण, वेचणी, काढणीही तिची. सुनेचे लग्न होई ते ती आठ-दहा वर्षांची असताना. न्हाण आले की नांदायला. बाळंतपणे आठ-आठ, दहा-दहा, आणि त्यातली निम्मी मुले हाताला लागली तरी नशीब. देवी आली, पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, यापलीकडे इलाज नव्हता. ज्या बाईने चार लेकरे पुरली, तीच दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसत होती. तिचे दुःख कुठल्या नोंदवहीत गेले नाही, ते ओवीत गेले.

आणि म्हणून त्या शतकातल्या शेतकऱ्याच्या घराचे सर्वात खरे दफ्तर आमच्या मते जात्याजवळ होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यात आहेत. भावाचे बैल, बापाचा वाडा, सासूचा जाच, पंढरीची वाट, सगळे या ओव्यांत बोलते. घाटनांदूरच्या परिसरात ओवी येणाऱ्या बाया आजही आहेत, पण पिठाची गिरणी आल्यावर गायला निमित्त उरले नाही आणि ऐकायला सुना उरल्या नाहीत.

शेती एकट्या घराची कधीच नव्हती. काळ्या रानात खोल नांगरट करायची तर नांगराला चार-चार, सहा-सहा बैल लागत. ज्याच्याकडे जोडी एकच, तो सावड करी. खळ्यावर तिवड्याभोवती बैल फिरत, वाऱ्याला उभे राहून उफणणी होई, रास पडे. राशीवरून घरात धान्य जाण्याआधी बलुत्याची वाटणी. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग, सगळ्यांचे हात या राशीला लागलेले. शिवेचा तंटा निघाला तर कुठला बांध कुठे होता हे महाराच्या सांगण्यावर ठरे. शिवार त्याच्या पायाखालचे, राखण त्याची. पण त्याच्या वाट्याला हाडकीचा तुकडा, उरलेले बलुते आणि वेशीबाहेरचे घर. मोट शिवून देणारा चांभार नसता तर बागायत नव्हती, दोर वळून देणारा मांग नसता तर मोट चालली नसती. एकोणिसाव्या शतकातल्या शेतकरी कुटुंबाची आठवण काढायची आणि या घरांना बाहेर ठेवायचे, तर ती आठवण अर्धी राहील. मीठ आणणारा लमाणांचा तांडा हाही याच संसाराचा भाग. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेणारे हे लोक आगगाडीने बेकार केले आणि त्यांतले पुष्कळसे आपल्या डोंगरकडांना तांडे टाकून शेतमजूर झाले.

घाटनांदूरला स्टेशन मिळाले ते विसाव्या शतकात. त्या शेतकऱ्याच्या हयातीत माल जायचा तो बैलगाडीने. बार्शीला १८९७ मध्ये छोटी गाडी पोचली, ती लातूरला यायला १९११ उजाडले. अमेरिकेतल्या यादवीत १८६१ ते ६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि लढाई संपताच तो कोसळला. भाव पडला तरी भावाच्या जोरावर काढलेले कर्ज राहिले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत त्याचा भडका १८७५ मध्ये उडाला. सुप्याच्या बाजारात १२ मे रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या रोख्यांची होळी केली. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. नगरची हद्द जिथे संपते तिथे बीड सुरू होते. पाऊस तोच, माती तीच, सवाई-दीडीचे धान्यकर्जही तेच, पण निजामाच्या बाजूच्या कुणब्याला त्या कायद्याचा आधार मिळाला नाही. इकडे गुजर-मारवाडी सावकारांबरोबर रोहिले आणि अरब सावकारही होते, आणि त्यांची वसुली कचेरीपेक्षा तलवारीच्या धाकाने होई. फुल्यांनी २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कनॉटच्या समारंभात शेतकऱ्याच्या वेशात जाऊन सांगितले की खरी रयत पाहायची असेल तर खेड्यात या. ती रयत सीमेच्या अलीकडेही होती, आणि तिच्या बाजूने बोलायला इकडे फुले नव्हते.

मग दुष्काळ. १८७६ चा, १८९६-९७ चा आणि सगळ्यांवर कडी करणारा १८९९-१९०० चा. एकच आकडा पुरेसा आहे. १८९१ च्या शिरगणतीत बीड जिल्ह्यात सुमारे ६ लाख ४२ हजार माणसे होती. १९०१ च्या शिरगणतीत ४ लाख ९२ हजार उरली. दहा वर्षांत दीड लाख माणसे कमी, म्हणजे चार माणसांमागे जवळजवळ एक. यात अन्नावाचून गेलेले, पटकीने गेलेले आणि गाव सोडून परागंदा झालेले सगळे आले. पेवे रिकामी झाली, दावणी मोकळ्या झाल्या. घाटनांदूरमधल्या जुन्या घराण्यांत आपली वंशावळ ज्या नावापाशी तुटते, ते नाव बहुधा याच वर्षांच्या आसपासचे असेल, असा आमचा कयास आहे. घरातले सांगणारे म्हातारे गेले, आणि जी लेकरे वाचली ती सांगण्याच्या वयाची नव्हती.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र या विसरलेल्या माणसाचा शोध एकाएकी सुरू झाला. कुणबी नोंदी तपासण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसीलच्या अभिलेख कक्षातली बासने उघडली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि निजामकाळाचे कागद गावोगावच्या बोलण्यात आले. मराठा आरक्षणाच्या वादात इथे शिरायचे नाही. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण या शोधातून एक चांगली गोष्ट झाली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे नाव आपल्या घरात कुणाला आठवते का, हा प्रश्न लोकांनी पहिल्यांदा एकमेकांना विचारला. खंत एवढीच की दाखला मिळाला की फाइल मिटते, आणि दाखल्यासाठी काढलेली वंशावळ सरळ पुरुषांच्या नावांनी खाली उतरते. मुलगा, बाप, आजा, पणजा. ज्या बाईने त्या मुलाला वाढवले तिला त्या तक्त्यात चौकट नाही.

हे केवळ जुन्या काळाचे दुखणे असते तर इतके लिहिले नसते. आजही बाप वारला की वारसांच्या फेरफारात लेकींची नावे चढतात आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र होऊन ती उतरतात. सातबाऱ्यावर लेकीचे नाव येते ते बहुधा काढून टाकण्यासाठी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन घरच्या लक्ष्मीच्या नावे रान करायला सांगितले आणि हजारो शेतकऱ्यांनी ते केलेही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचे नाव लावणे राज्याने सक्तीचे केले. या सगळ्या गोष्टी योग्य दिशेच्या आहेत. पण १८८० मधल्या त्या बाईला निदान रोख्याखाली बांगडी काढायला मिळत होती. आजच्या सहीच्या जागी पुष्कळदा तिच्या भावाने आधीच पेनाने केलेली फुली असते, ‘इथे कर’ म्हणून. भावाबहिणीचे प्रेम खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि नेमके तेच आम्हाला बोचते.

शिवारही आता ते राहिले नाही. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनला कडबा नाही, कडबा नाही म्हणून दावणीला बैल नाही, आणि येळवशीची कोप घालायला पेंढ्या विकत आणाव्या लागतात. जिल्ह्यातली हजारो घरे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशीच तिची मोजणी. त्यांची येळवस कारखान्याच्या तळावर होते किंवा होतच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी नांगर काढून दिलेल्या रोख्यात आणि मुकादमाच्या वहीतल्या उचलीत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी माणसाचे नाव लिहिले जाते ते तो कुणाचे तरी देणे लागतो म्हणून.

देण्यापलीकडची नोंद आपण स्वतः करू शकतो, आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. यंदाच्या येळवशीला कोपीत सगळे घर एकत्र असेल. जेवणे झाल्यावर दोन तास असतात. घरातल्या नववी-दहावीच्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात एक वही द्या. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईजवळ त्या पोराला किंवा पोरीला बसवा. आजीला तिच्या आईचे नाव विचारा, सासूचे, आजेसासूचे, त्यांच्या माहेरच्या गावांची नावे विचारा. दिलेल्या लेकी कुठे गेल्या, कोणती लेकरे लहानपणी गेली, वाटण्या कधी झाल्या, कोणत्या दुष्काळात कोण कुठे निघून गेले, घरी सालगडी कोण होता, बलुत्याला कोण येत होते, सगळे लिहून घ्या. बैलांची नावेसुद्धा लिहा. म्हाताऱ्यांना ती हमखास आठवतात आणि त्या नावांमागोमाग साले आठवतात. ओवी आली तर मध्ये बोलू नका, मोबाइलवर तेवढी नोंदवून घ्या. ऊसतोडीला गेलेल्यांनी हेच काम तळावर करावे, तिथेही संध्याकाळ असते.

ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, माळवदाच्या कोनाड्यात मोडीचे कागद असतील तर ते जाळू नका, पाण्यात सोडू नका, प्लास्टिकमध्ये गरम करून चिकटवू नका. कोरड्या कापडात ठेवा, उजेडात सरळ फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. त्र्यंबकेश्वर, पैठण किंवा काशीला कुणी जाणार असेल तर तीर्थोपाध्यायांच्या बाडात आपल्या गावाचे पान उघडायला सांगा. तिथे पूर्वजांनी सांगितलेली नावे असतात. घाटनांदूरच्या शाळांनी आणि ग्रामपंचायतीने अशा वह्यांची एक-एक प्रत मागून घेऊन वाचनालयात ठेवावी. त्यात सगळ्या आळ्यांची घरे यावीत, वेशीबाहेर ठेवलेलीही.

ऐंशी पार केलेली माणसे गावात आता मोजकी आहेत. वही याच येळवशीला उघडा, आणि तिच्या पहिल्या पानावर पहिले नाव बाईचे लिहा.